परभूमीवरील परंपरा : ख्मेर नृत्याच्या जतनाची कहाणी



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी बडोद्यातील मराठी मुलांना मराठी शिकविण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी मी कंबोडियाच्या नृत्याचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी नर्तक नाही, नृत्याचा समीक्षकही नाही. मराठीचा अध्यापक म्हणून मी आयुष्यभर ज्या प्रश्नाभोवती फिरत राहिलो, तो प्रश्न असा की, एखादी परंपरा आपल्या मूळ भूमीपासून दूर गेल्यावर ती पुढच्या पिढीच्या हाती कशी सोपविली जाते? भाषेच्या बाबतीत या प्रश्नाची चर्चा आपण नेहमी करतो. परंतु आपल्याच घरातल्या गोष्टीकडे पाहताना नजर साफ राहत नाही. कधी अभिमान आड येतो, कधी हळहळ. म्हणून मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. ते इतके टोकाचे आहे की, प्रश्नाचे सर्व पैलू त्यात ठळकपणे उमटलेले दिसतात.

नृत्याचे स्वरूप

कंबोडियातील बहुसंख्य लोक ख्मेर वंशाचे व ख्मेर भाषा बोलणारे. त्यांच्या अभिजात नृत्याचा संबंध अंगकोरच्या साम्राज्यकालीन मंदिरांशी जोडला जातो. राजा सातवा जयवर्मन याने उभारलेल्या ता प्रोम मंदिराचा ११८६ सालचा संस्कृत शिलालेख प्रसिद्ध आहे. मंदिराच्या सेवेत असणाऱ्या हजारो माणसांची त्यात गणना असून त्यांत ६१५ नर्तकींचा उल्लेख आहे. अंगकोरच्या भिंतींवर कोरलेल्या अप्सरांची शिल्पे तर जगभर परिचित आहेत.

परंतु शिल्पातील त्या अप्सरांपासून आजच्या नर्तकीपर्यंत एक अखंड धागा आला आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १४३१ मध्ये अयुथयाच्या सयामी सैन्याने अंगकोर जिंकले, तेव्हा तेथील नर्तकी व वादक सयामला नेले गेले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास राजा आंग द्वाँग याने आपल्या दरबारातील नृत्याची नव्याने घडी बसविली, तेव्हा सयामी दरबाराची छाप त्यावर होतीच. म्हणजे हे नृत्य यापूर्वीही एकदा परदेशी जाऊन, तेथील पाणी पिऊन परत आलेले आहे. १९०६ साली राजा सिसोवाथ आपल्या नर्तकींसह फ्रान्समध्ये गेला, तेव्हा शिल्पकार रोदँ त्यांच्या हालचालींनी इतका भारावला की त्याने त्यांची सुमारे दीडशे चित्रे काढली. विसाव्या शतकाच्या मध्यास राणी कोसमाक हिने या परंपरेत मोठे फेरफार केले. आज जे 'अप्सरा नृत्य' ख्मेर संस्कृतीचे प्रतीक मानले जाते, ते तिच्याच प्रेरणेने, शिल्पांचा आधार घेऊन रचले गेले आणि तिची नात राजकन्या बोफा देवी हिने ते जगापुढे आणले. जी रचना आपण हजार वर्षांची समजतो ती वस्तुतः साठ-सत्तर वर्षांची आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मराठी श्रोत्याला या नृत्याची परिभाषा फारशी परकी वाटू नये. गुरूला ते 'क्रू' म्हणतात. रामकथेचे त्यांचे नाव 'रीमकेर', म्हणजेच रामकीर्ती. राक्षसाच्या भूमिकेला 'येआक' म्हणतात. हा आपला यक्ष होय. 'तेप मोनोरोम' या नृत्याच्या नावात देव आणि मनोरम हे दोन शब्द दडलेले आहेत. समारंभारंभी फुले उधळून जे आशीर्वादाचे नृत्य करतात त्याचे नाव 'चून पोर', म्हणजे वर अर्पण करणे; यातील 'पोर' हा आपला 'वर'. गुरुपूजनाचा विधी 'संपेह क्रू' हा परंपरेने गुरुवारी होतो, कारण तेथेही गुरुवार हा बृहस्पतीचा वार आहे. नृत्याचे मुखवटे व मुकुट मांडून, फळे, फुले, उदबत्त्या वाहून, हयात आणि दिवंगत अशा सर्व गुरूंना वंदन केल्याखेरीज विद्यार्थ्याला नृत्याचा अधिकार मिळत नाही.

भूमिकांचे चार मुख्य वर्ग आहेत : नायिका, नायक, येआक आणि वानर. परंपरेने या सर्व भूमिका स्त्रियाच करीत. वानराच्या भूमिकेसाठी पुरुष घेण्याची प्रथा विसाव्या शतकात राणी कोसमाक हिच्या काळात रूढ झाली. मूल सहा-आठ वर्षांचे असताना त्याच्या अंगकाठीवरून व चेहरेपट्टीवरून गुरू त्याचा वर्ग ठरविते आणि बहुधा तो जन्मभर बदलत नाही. हातांच्या मुद्रांना 'क्बाच' म्हणतात. अंकुर, पान, फूल, फळ अशी झाडाच्या वाढीची अवस्थांतरे या मुद्रांतून दाखविली जातात. बोटे मागे, मनगटाकडे वळलेली, कोपर उलट बाजूस किंचित झुकलेले, पाठीला कमान, गुडघे वाकलेले आणि पायांची बोटे उचललेली, अशा स्थितीत नर्तकी अतिशय संथपणे सरकते. नर्तकी बोलत नाही. कथा गाणाऱ्या स्त्रियांचा वृंद सांगतो आणि 'पिन पीट' नावाचे वाद्यवृंद साथ करते. त्यात लाकडी पट्ट्यांचे रोनेआत, वर्तुळात मांडलेल्या घंटांचे कोंग वोंग, सनईच्या जातीचे स्रालाय आणि आपल्या पखवाजासारखा आडवा धरून वाजविण्याचा सांफो ही मुख्य वाद्ये असतात. पोशाख इतका घट्ट असतो की, प्रयोगापूर्वी तो नर्तकीच्या अंगावरच शिवावा लागतो.

हे सर्व शिकण्यासाठी पाठ्यपुस्तक नव्हते. गुरू विद्यार्थिनीच्या मागे उभी राहते, तिचे कोपर दाबते, बोटे वाकविते, गुडघ्याने पाठीला कमान देते. म्हणजे एका शरीराने दुसऱ्या शरीरात ही विद्या घालायची असते. ग्रंथ जळाला तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी असते; येथे प्रत म्हणजेच माणूस.

तीन वर्षे, आठ महिने, वीस दिवस

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज सैन्य नोम पेन्हमध्ये शिरले आणि काही दिवसांत सारे शहर रिकामे करण्यात आले. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजांनी ही राजवट उलथून टाकली. या काळात उपासमार, रोगराई, वेठ आणि हत्या यांना बळी पडलेल्यांची संख्या सुमारे सतरा लाख मानली जाते. देशाची लोकसंख्या त्या वेळी ऐंशी लाखांच्या आसपास होती, एवढे सांगितले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

नव्या समाजात राजदरबाराशी संबंधित असलेल्या कशालाच स्थान नव्हते आणि हे नृत्य तर राजवाड्यातच वाढलेले. कलावंतांपैकी दहापैकी नऊ मरण पावले, असा अंदाज वारंवार दिला जातो. जे वाचले त्यांनी आपली ओळख लपविली. आपण भाजी विकत होतो, शेतात राबत होतो, असे सांगून नर्तकींनी जीव वाचविला. यातील एक विसंगती इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. चिया सामी ही राजवाड्यात लहानपणापासून वाढलेली थोर नर्तकी. तिचा पती पोल पोटचा सख्खा मोठा भाऊ होता. दिराच्या राजवटीत तिलाही इतरांप्रमाणेच शेतावर राबावे लागले. ती जगली, आणि १९८१ मध्ये नोम पेन्हची कलाशाळा पुन्हा उघडल्यावर तिने व तिच्यासारख्या मोजक्या वृद्धांनी, ज्याला जे आठवेल ते जुळवीत, अनाथ झालेल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. १९९४ साली तिचे निधन झाले. तोपर्यंत एक पिढी उभी राहिली होती.

छावणीतील रंगमंच

त्याच सुमारास दुसरी कहाणी थायलंडच्या सीमेवर घडत होती. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये खाओ इ दांग ही निर्वासित छावणी उघडली. बांबूच्या झोपड्या, पाण्याच्या रांगा, मोजून मिळणारा तांदूळ. अशा ठिकाणी लोकांनी नृत्याचे वर्ग सुरू केले. काही काळातच इतर छावण्यांतही ते सुरू झाले. पोशाख हाती लागेल त्या कापडाचे, दागिने मिळेल त्या वस्तूंचे.

पोटाला नसताना नृत्य कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. पहिले कारण धार्मिक आहे. ख्मेर समजुतीप्रमाणे नृत्य हे देवता व पितर यांच्याशी बोलण्याचे साधन आहे. मोनी मेखला ही समुद्रदेवता आणि परशू धारण करणारा रीम एसो यांच्या युद्धाचे जे नृत्य आहे, ते पावसासाठी करावयाच्या विधीचा भाग आहे. तिच्या हातातील मण्याची चमक म्हणजे वीज आणि त्याच्या परशूचा आवाज म्हणजे गडगडाट. ज्यांच्या घरात मृतांचे अंत्यसंस्कारही झाले नव्हते, त्यांना या भाषेची गरज अन्नाइतकीच होती. दुसरे कारण अधिक व्यावहारिक. ज्या थोड्या जाणकार स्त्रिया वाचल्या होत्या, त्या उद्या कोणत्या देशात पाठविल्या जातील याचा नेम नव्हता. जे द्यायचे ते आजच दिले पाहिजे, ही घाई त्या वर्गांमागे होती.

लाँग बीच आणि लोवेल

१९७५ पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे दीड लाख कंबोडियन अमेरिकेत गेले. त्यांपैकी बहुतेक १९८० ते १९८५ या काळात. कॅलिफोर्नियातील लाँग बीच आणि मॅसॅच्युसेट्समधील लोवेल ही त्यांची दोन मोठी केंद्रे बनली. लाँग बीचच्या ॲनाहाइम स्ट्रीटच्या परिसराला २००७ साली 'कंबोडिया टाउन' असे अधिकृत नाव मिळाले. लोवेल हे जुन्या कापडगिरण्यांचे गाव.

हे स्थलांतर आपल्या ओळखीच्या स्थलांतरांपेक्षा वेगळे होते. आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर किंवा नोकरीनिमित्त बडोद्यास आले; मागे त्यांचे गाव शाबूत होते, लग्नकार्याला जाता येत होते. या लोकांचे गाव, घर, कागदपत्रे, छायाचित्रे, काहीच उरले नव्हते. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतले, अल्पशिक्षित. त्यांनी अभिजात नृत्य पूर्वी क्वचितच पाहिले असेल. राजवाड्यातील कला ही अशा रीतीने परदेशात जाऊन शेतकऱ्यांच्या मुलांची कला झाली. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. मायदेशी जे थोड्यांचे होते, ते परभूमीवर सर्वांचे झाले, कारण आपण कोण आहोत हे शेजाऱ्याला दाखविण्यासाठी त्यांच्याजवळ त्याहून देखणे काही नव्हते.

लोवेलमध्ये १९८६ साली टिम थू यांनी 'अंगकोर डान्स ट्रूप' स्थापन केले. वॉशिंग्टनच्या परिसरात पिन पीटचे जाणते वादक साम-आंग साम आणि त्यांच्या पत्नी, नर्तकी चान मोली साम यांनी शिक्षणाचे काम केले. साम-आंग साम यांना १९९४ मध्ये मॅकार्थर फेलोशिप मिळाली. लाँग बीचमध्ये सोफिलीन चीम शापिरो यांचे कार्य विशेष मानले जाते. त्यांचा जन्म १९६७ साली नोम पेन्ह येथे झाला. ख्मेर रूजच्या काळात त्यांनी घरातील माणसे गमावली. नंतर पुन्हा उघडलेल्या कलाशाळेत चिया सामींसारख्या गुरूंकडे शिकून पहिल्या पदवीधरांपैकी एक झाल्या. १९९१ मध्ये त्या कॅलिफोर्नियात आल्या आणि २००२ साली त्यांनी 'ख्मेर आर्ट्स ॲकॅडमी' सुरू केली. २००९ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान त्यांना मिळाला.

नृत्यवर्गाला आणखी एक प्रयोजन होते, आणि ते दुःखद होते. १९८० व १९९० च्या दशकांत या वस्त्यांमध्ये तरुणांच्या टोळ्या फोफावल्या. आईवडील दिवसभर, कधी रात्रपाळीला कामावर. त्यांना इंग्रजी येत नाही, मुलांना ख्मेर धड येत नाही. घडलेल्या संहाराविषयी घरात कोणी बोलत नाही. अशा घरातील मुलगा रस्त्यावर गेला तर आश्चर्य कसले? नृत्याचा वर्ग म्हणजे शाळा सुटल्यानंतर मूल सुरक्षित राहण्याची जागा, म्हणून अनेक पालकांनी मुलांना तेथे पाठविले. लोवेलच्या पथकातील तीन तरुणांवरचा 'मंकी डान्स' हा २००४ सालचा माहितीपट हेच दाखवितो. २००२ साली अमेरिका व कंबोडिया यांच्यात करार झाला आणि गुन्ह्याची शिक्षा झालेल्या, परंतु अमेरिकेचे नागरिकत्व न घेतलेल्या तरुणांना कंबोडियात परत पाठविणे सुरू झाले. त्यांतील कित्येकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. त्यांचा जन्म छावणीतला. पालकांची भीती किती खरी होती, हे यावरून कळेल.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात असताना अशा एका वर्गात मला बसता आले. सभागृह एका सार्वजनिक इमारतीतले, जमिनीवर साधी चटई. शिक्षिका तोंडाने सूर गुणगुणत होत्या आणि हातातल्या काठीने ताल देत होत्या. मुली आपसात इंग्रजीत बोलत होत्या. पण बाई जवळ आल्या की दोन्ही हात जोडून 'क्रू' म्हणत. एका सात-आठ वर्षांच्या मुलीची बोटे बाईंनी मागे वाकविली. मुलीचा चेहरा वेदनेने आक्रसला, पण तिने हात काढून घेतला नाही. भिंतीशी बसलेली तिची आजी टक लावून त्या बोटांकडेच पाहत होती. दोघींना एकमेकींशी धड बोलता येत असेल की नाही, कोण जाणे!

काय टिकले, काय गळाले

जतन या शब्दाने सर्व काही जसेच्या तसे राहिले असा भास होतो. तसे घडलेले नाही, आणि ते का घडत नाही हे समजून घेणे उपयुक्त आहे.

पहिली अडचण वेळेची. राजवाड्यातील किंवा कलाशाळेतील मूल रोज काही तास सराव करी. परदेशातील मूल आठवड्यातून एक-दोनदा येते. वाकलेली बोटे ही इच्छाशक्तीने येत नाहीत. लवचीक वयात रोज ताण दिला तरच येतात. दुसरी अडचण संगीताची. नर्तकी तयार करायला काही वर्षे पुरतात, पण पिन पीटचा पूर्ण ताफा जमविणे फार कठीण. म्हणून बहुतेक पथके ध्वनिफितीवर नाचू लागली. जिवंत साथ असेल तर सांफोवादक नर्तकीकडे पाहून लय सैल करतो वा आवळतो. ध्वनिफीत कोणासाठी थांबत नाही. संगीत मुद्रित झाले की नृत्याची लांबी व गतीही मुद्रित होते. तिसरी अडचण प्रसंगाची. रात्रभर चालणारी नृत्यनाट्ये पाहणारा प्रेक्षक आणि ती करवून घेणारा दरबार दोन्ही नव्हते. एप्रिलच्या मध्यास येणारे ख्मेर नववर्ष, लग्नसमारंभ, शाळेतील 'विविध संस्कृती दिन', या ठिकाणी पाच-दहा मिनिटांची रचनाच चालते. परिणामी आशीर्वादाचे नृत्य, अप्सरा, करवंट्यांचे नृत्य, मासेमारीचे नृत्य अशा थोड्या रचना सर्वत्र रूढ झाल्या आणि मोठे भांडार मागे पडले. यांतील मासेमारीचे नृत्य तर १९६० च्या दशकातच, लोकजीवनाच्या आधाराने, रंगमंचासाठी रचलेले. परदेशातील मुलांना ते आजोबांच्या गावचे अतिप्राचीन नृत्य वाटते.

असे असूनही गाभ्याचे काही टिकले. गुरुपूजनाचा विधी टिकला. प्रयोगाआधी मुकुटाला वंदन करण्याची रीत टिकली. वर्गात थोरांशी कसे बोलावे, कसे बसावे, त्यांच्यासमोरून जाताना कसे वाकावे, हे टिकले. ज्या मुलांना ख्मेर भाषेतील वाक्य पूर्ण करता येत नाही, त्यांच्या अंगात ख्मेर विनय राहिला. भाषेचा अध्यापक म्हणून मला ही गोष्ट जड अंतःकरणाने मान्य करावी लागते की, शब्द गेल्यानंतरही काही काळ शरीर आठवण ठेवू शकते.

शुद्धतेचा वाद

संकटातून वाचलेली परंपरा स्वभावतः सनातनी होते. जी गोष्ट एवढ्या कष्टाने वाचविली तिला हात लावू नये, ही भावना समजण्यासारखी आहे. सोफिलीन शापिरो यांनी २००० साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'सामरितेचाक' हे नृत्यनाट्य अभिजात शैलीत रचले, तेव्हा मतभेद झाले. त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे होते. आपल्या अपराधाची जबाबदारी स्वतः स्वीकारणारा नायक त्यांना ऑथेल्लोत दिसला; आणि त्यांच्या देशात लाखो माणसांच्या मृत्यूची जबाबदारी घ्यायला तर कोणी पुढे येत नव्हते. जुन्या कथांतून जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी त्यांनी जुनी भाषा वापरली. २००५ च्या 'सीझन्स ऑफ मायग्रेशन'मध्ये त्यांनी स्थलांतरिताच्या मनाच्या चार अवस्था मांडल्या : प्रथम हर्ष, मग धिक्कार, मग जुळवून घेणे आणि शेवटी समतोल. त्यात एक नागकन्या आपल्या शेपटीशी झगडते. नव्या देशात तिला त्या शेपटीची लाज वाटते आणि ती तोडताही येत नाही. २००६ मध्ये व्हिएन्ना येथील महोत्सवासाठी त्यांनी मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'वरून 'पामिना देवी' रचले. लोवेलच्या मुलांनी वानरनृत्यात ब्रेकडान्सच्या कोलांट्या मिसळल्या, कारण दोहोंतही तेच लवचीक अंग आणि तीच खोडकर वृत्ती त्यांना दिसली. लाँग बीचमध्ये जन्मलेले आणि सोफिलीन यांच्याकडे शिकलेले प्रुमसोडुन ओक हे तर उलट्या दिशेने नोम पेन्हला गेले आणि २०१५ साली त्यांनी समलिंगी पुरुषांचे नृत्यपथक उभे केले. त्याच्या नावात त्यांनी 'नाट्यरस' हा संस्कृत शब्द घातला.

यांतील कोणती रचना टिकेल हे काळ ठरवील. मात्र राणी कोसमाकचे अप्सरा नृत्य आठवा. त्या काळी तेही नवेच होते. म्हणून नवेपणा हा दोष ठरत नाही. प्रश्न एवढाच असतो की, नवे रचणाऱ्याला जुने पुरतेपणी येते का? सोफिलीन यांनी आधी मूळ शिक्षण पूर्ण केले होते, म्हणून त्यांच्या बदलाला अर्थ होता. आठवड्यातून दोन तास शिकणाऱ्या मुलाच्या हातून जे बदलते ती बहुधा झीज असते, निर्मिती नसते. हा भेद परंपरा जपणाऱ्या प्रत्येकाने मनाशी स्पष्ट ठेवला पाहिजे.

युनेस्कोने २००३ मध्ये कंबोडियाच्या राजनृत्याला मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले आणि २००८ मध्ये त्याचा समावेश अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत झाला. मायदेशात नृत्य पुन्हा उभे राहिले, ही आनंदाची गोष्ट. त्याने परदेशातील पथकांपुढे मात्र नवा प्रश्न उभा केला. आपण हे वाचविले नाही तर ते नष्ट होईल, ही निकड संपली. आता मुलाने हे का शिकावे, याचे वेगळे उत्तर हवे होते. जी पथके टिकली त्यांनी ते उत्तर शोधले : नृत्य जगावे एवढ्यासाठी मूल शिकत नाही, त्या मुलाला आपल्या आजीच्या जगाशी दुसरा कोणताच रस्ता उरलेला नाही, म्हणून ते शिकते.

बडोद्याचा पुरावा

हे सर्व फार दूरचे वाटत असेल तर आपल्याच शहराकडे पाहावे. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजे पहिल्या चिमणाबाई, यांच्याशी झाला आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व नट्टुवनार बडोद्यास आले. संस्थानच्या कलावंत कारखान्यात त्यांची नेमणूक झाली. तमिळ भूमीतील ते नृत्य गुजराती प्रदेशात, मराठी राजाच्या आश्रयाने रुजले. त्यांच्यापैकीच एका घराण्यातील कुबेरनाथ तांजोरकर यांनी पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यम शिकविले. तंजावरचे भोसले तर स्वतःच स्थलांतरित. सरफोजीराजांनी तेथे बसून नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. म्हणजे परंपरा प्रवास करतात, हे आपल्याला नवे नाही. पण या प्रवासाला राजाश्रय होता, पगार होता, पुढे विद्यापीठ होते. लाँग बीचच्या आईजवळ यातले काही नव्हते. तिने आपल्या सुटीच्या दिवसातले तीन तास दिले. आज आपल्यालाही राजाश्रय नाही. आपली परिस्थिती त्या आईच्या परिस्थितीशी अधिक मिळती आहे.

समारोप

या कहाणीतून मला चार गोष्टी दिसल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो. परंपरा टिकायला जाणता गुरू लागतो. केवळ तळमळ पुरत नाही. तिला वर्षभरात ठराविक प्रसंग लागतात, जेथे शिकलेले कोणाला तरी दाखवायचे असते. तिला मुलाच्या आयुष्यातला नियमित वेळ लागतो, आणि तो देताना दुसरे काहीतरी सोडावे लागते. आणि तिला मुलाची स्वतःची गरज लागते. वाडवडिलांचा अभिमान मुलावर लादता येत नाही.

आपल्या शाळेतील मराठीचे वर्ग रोडावत चालले आहेत, हे मी तुम्हांला सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांची नातवंडे मराठी समजतात पण बोलत नाहीत. बोलतात ती वाचत नाहीत. आपल्यावर कोणतीही आपत्ती कोसळलेली नाही. मायभूमी रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे. आपल्याकडे शिक्षक आहेत, पुस्तके आहेत, ही इमारत आहे. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्यांनी काय केले, ते मी सांगितले. माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, शनिवारी दुपारी या शाळेची एक खोली उघडी राहील अशी व्यवस्था करावी आणि आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातून काही शनिवार तेथे येऊन मुलांबरोबर मराठीत वाचावे, गोष्ट सांगावी, नाटुकले बसवावे. निधी नंतर जमेल. आधी माणसे लागतात, आणि ती आज या सभागृहात बसलेली आहेत.